बोलकी अंडी

ईस्टरच्या एग हंटमध्ये सगळ्यात जास्त लबाडी कोण करतं माहितीये? पोरं नाही, पोरांचे आईबाप. हे ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय. "अरे त्या झाडामागे बघ... तिकडे नाही, डावीकडे... अजून खाली..." असं करत करत बाप स्वतःच कधी झुडपात शिरतो हे त्याचं त्यालाही कळत नाही. पोरगं बिचारं टोपली धरून उभं. टोपली भरते, फोटो निघतात, आणि पोराने त्या दिवसात एकच गोष्ट शोधलेली असते, ती म्हणजे आपला बाप कुठे गेला!

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईस्टरच्या सुमारास हिरवळीवर, झुडपांत, पायऱ्यांखाली अंडी लपवतात आणि मुलांनी ती शोधून टोपलीत गोळा करायची. पूर्वी खरी, उकडून रंगवलेली असायची. आता बहुतेक ठिकाणी मधोमध उघडणारी प्लॅस्टिकची असतात, आत चॉकलेट नाहीतर एखादी गोळी. ही अंडी एक ससा आणून ठेवतो असं मुलांना सांगायचं. सशाने अंडी का आणावीत हा प्रश्न मलाही पडला होता. तर ही मूळची जर्मन भानगड आहे. १६८२ साली गेऑर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाच्या डॉक्टरने ईस्टरच्या अंड्यांवर लिहिताना या अंडी लपवणाऱ्या सशाचा उल्लेख केलाय, आणि पुढे पेनसिल्व्हेनियात वस्तीला आलेल्या जर्मनांबरोबर हा ससा अमेरिकेत आला. म्हणजे तोही आमच्यासारखाच, ऑनसाईट आला आणि इथलाच झाला.

अंड्यांचं कारण मात्र सरळ हिशेबाचं आहे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. मध्ययुगात या दिवसांत अंडीही वर्ज्य असत. माणसांचा उपास असला तरी कोंबड्यांचा नसतो ना! त्या आपल्या रोज अंडी देतच राहायच्या. उपास सुटेपर्यंत घरात अंड्यांचा डोंगर. मग खा, वाटा, रंगवा, टेकडीवरून गडगडवा. आपल्याकडे आषाढी एकादशीनंतर साबुदाण्याचा असा खेळ कोणी काढला नाही एवढंच.

गडगडवण्यावरून आठवलं. वॉशिंग्टनमधली मुलं पूर्वी ईस्टरच्या सोमवारी संसदेच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या, उतारावरून अंडी सोडायची. हिरवळीचं पार वाटोळं व्हायचं. शेवटी १८७६ साली काँग्रेसने गवत वाचवायला चक्क कायदा केला. पोरांच्या अंड्यांविरुद्ध कायदा! मग १८७८ साली राष्ट्राध्यक्ष हेज यांनी व्हाईट हाऊसचं आवार मुलांना मोकळं करून दिलं, आणि तेव्हापासून एग रोल तिथे सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडला तो आयझेनहॉवर यांनी १९५३ साली पुन्हा चालू केला. २०२० आणि २०२१ ला कोविडमुळे नव्हता. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध शर्यत, लांब दांड्याच्या चमच्याने गवतावरून अंडं ढकलत न्यायची, ती मात्र फार जुनी नाही, १९७४ पासूनची. म्हणजे आपला लिंबू-चमचा वयाने मोठा असायची दाट शक्यता आहे, पण आपल्या लिंबू-चमच्याला राष्ट्राध्यक्ष शिट्टी वाजवायला येत नाहीत.

आणि हा एवढा निरागस खेळ आईबापांनी कुठवर नेलाय बघा. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या एका भागाने २०१२ साली आपला सार्वजनिक एग हंट रद्दच केला. कारण? आदल्या वर्षी पालक दोरी ओलांडून आत घुसले होते. २०१६ साली कनेक्टिकटमधल्या एका गोळ्यांच्या कंपनीने ठेवलेल्या हंटमध्येही तेच झालं, वेळ व्हायच्या आधीच मोठी माणसं मैदानात! फुकट चॉकलेट म्हटल्यावर चांगल्या पगाराची माणसंही लोकल पकडल्यासारखी धावतात, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. मला वाईट वाटतं ते त्या पोराचं. शोधणं हाच खेळ असताना तेवढंच नेमकं त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि हातात चॉकलेट ठेवायचं.

हे सगळं आत्ता डोक्यात असण्याचं कारण म्हणजे आमच्या ऑस्टिनच्या अपार्टमेंटमधली २०२४ ची ईस्टर पार्टी. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, निवृत्त बालवाडी शिक्षिका. दरवर्षी पार्टी त्याच घेतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण आवाज असा की आमचा डिलिव्हरी मॅनेजरसुद्धा चळाचळा कापेल. त्यांचे दोन नियम. पहिला, प्रत्येक मुलाला एक चित्र, आणि त्या चित्राचा स्टिकर असलेलीच अंडी त्याने उचलायची. दुसरा, आईबापांनी दोरीच्या मागे खुर्चीवर बसायचं आणि हंट संपेपर्यंत उठायचं नाही. उठलात तर तुमच्या पोराचं एक अंडं जप्त. दुसरा नियम ऐकून आमच्या काही मंडळींना स्वतःची शाळा आठवली.

पहिला नियम मात्र मला फारच आवडला. साधा आहे, पण विचार करा. दोन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची चौदा पोरं. मोकळं सोडलं तर दहा वर्षांचा धटिंगण पहिल्या मिनिटात मैदान साफ करणार आणि दोन वर्षांचं पिल्लू भोकाड पसरणार. स्टिकर लावले की प्रत्येकाच्या वाटणीची आठ अंडी पक्की. लहानांची उघड्यावर ठेवायची, मोठ्यांची अवघड जागी. वर आणखी गंमत म्हणजे मोठी पोरं आपली अंडी शोधता शोधता "ए, तुझं बदक इथे आहे!" असं ओरडायला लागतात. स्पर्धेचं सहकार्य झालं की नाही? चौदा गुणिले आठ म्हणजे एकशे बारा अंड्यांना स्टिकर लावायचं काम अर्थातच आम्हा बिनपोराबाळांच्या लोकांकडे आलं.

तर या चौदा पोरांत आमच्या टीममधल्या दादाचा मुलगा. खरं नाव देत नाही, आपण बंड्या म्हणू. वय वर्षं सात. त्याला जन्मापासून दिसत नाही. म्हणजे उजेड आणि अंधार एवढं कळतं, त्यापलीकडे नाही. बाकी कार्टं अस्सल आहे. सांगलीच्या आजीकडून शिकलेलं मराठी अमेरिकन हेल काढून बोलतं आणि समोरच्याची टर उडवण्यात वस्ताद.

आदल्या वर्षी दादा-वहिनी त्याला दुसरीकडच्या एका मोठ्या हंटला घेऊन गेले होते. वहिनींनी हात धरला, अंड्यापाशी नेलं, हात अंड्यावर ठेवला. टोपली भरली. घरी येताना गाडीत बंड्या म्हणाला, "आई, ही सगळी तूच शोधलीस. मी फक्त उचलली." हे वहिनींनी मला सांगितलं तेव्हा त्या भाजी चिरत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. "यंदा नको म्हणतोय तो," एवढंच म्हणाल्या.

आता इंजिनियर माणसाला कोणी दुःख सांगितलं की त्याला ते ऐकून घेता येत नाही, तो सोल्यूशन शोधायला लागतो. (आमच्या जमातीची लग्नं टिकतात कशी हा वेगळा विषय.) शोधल्यावर कळलं की हे काम आधीच झालेलं आहे, आणि करणारे लोक कोण, तर बॉम्बवाले! अॅलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणाऱ्या केंद्रीय खात्यात एक अधिकारी होते. काम स्फोटकांचं, आणि मुलगी अंध. तिला एग हंट खेळता यावा म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या मोठ्या अंड्यात बॅटरी, बटण आणि बझर बसवून आवाज करणारी अंडी बनवली. पुढे बॉम्ब निकामी करणाऱ्या तंत्रज्ञांच्या संघटनेने ते उचलून धरलं, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या पथकांतली माणसं अंध मुलांसाठी अशी अंडी बनवतात. तारा, बॅटरी, बटण... एरवी या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की यांच्या पोटात गोळा येत असणार. वर्षातून एकदा हीच माणसं त्या मुद्दाम जोडत बसतात, हे मला भयंकर आवडलं.

मग काय, लागलो कामाला. इंजिनियरिंगनंतर सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती, कारण आम्ही सॉफ्टवेअरवाले, आमचा धूर फक्त डोक्यातून निघतो. सामान सोपं होतं. मुठीपेक्षा थोडं मोठं प्लॅस्टिकचं अंडं, नऊ व्होल्टची बॅटरी, एक बटण, एक पिझो बझर. जोडलं, दाबलं, टीईईईईई! शेजारच्या कुत्र्याने तिथल्या तिथे प्रतिक्रिया दिली.

पण सलग वाजणारा तो आवाज येतोय कुठून हे मला, डोळे मिटल्यावर, अजिबात सांगता येईना. खोलीभर तोच. वाचल्यावर कारण कळलं, आणि ते इतकं सुंदर आहे की सांगतोच. आवाजाची दिशा आपल्याला दोन कानांतल्या फरकावरून कळते. खालच्या पट्टीतला आवाज असेल तर तो एका कानाला किंचित आधी पोचतो, मेंदू तो क्षणाचा फरक पकडतो. वरच्या पट्टीतला असेल तर मध्ये डोकं येतं आणि पलीकडच्या कानाला तो कमी ऐकू येतो. या दोघांच्या मध्ये, साधारण दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, धड हेही नाही आणि धड तेही नाही, तिथे आपली सगळ्यांचीच पंचाईत होते. आणि बाजारातला स्वस्त बझर नेमका तिथेच कुठेतरी वाजतो! घरात मोबाईल कुठे वाजतोय हे शोधताना आपण उशा फेकत फिरतो त्यातही थोडा हाच घोळ असावा असा माझा संशय आहे.

उपाय म्हणजे आवाज तोडायचा. टीप्... टीप्... टीप्. प्रत्येक टीपेच्या सुरुवातीला मेंदूला दिशा लावायची नवी संधी मिळते. यासाठी दुसऱ्या वर्षाच्या लॅबमधला जुना मित्र, ५५५ टायमर, कामाला आला. व्हायवामध्ये ज्याने छळलं त्यानेच इथे हात दिला. सेकंदाला दोन टीपा. अंड्याला खालून-वरून भोकं पाडली म्हणजे आवाज कोंडला जात नाही. अशी सहा अंडी झाली.

टेस्टिंगला अर्थातच बंड्या. पार्टीच्या आधीचे दोन वीकेंड आम्ही दोघं हिरवळीवर. आमच्या ऑफिसातले टेस्टर्स परवडले हो! पहिल्याच दिवशी साहेबांनी बग काढला, "काका, हे अंडं खोटं बोलतंय." मी म्हटलं, खोटं म्हणजे? तर म्हणे, "आहे इकडे, आणि बोलतंय तिकडून." जाऊन बघतो तर अंडं विटांच्या भिंतीजवळ होतं, आणि आवाज भिंतीवर आपटून दुसरीकडून येत होता. भिंतीजवळ ठेवायचं नाही, गवतात ठेवायचं. दुसरा बग, सहाच्या सहा एकदम चालू केली की "सगळे एकदम बोलतात, कुणाचंच ऐकू येत नाही." हे मी आमच्या स्टेटस मीटिंगमध्ये किती वेळा म्हणायचं ठरवून म्हटलेलं नाही! यावर तोडगाही त्यानेच सुचवला. प्रत्येकाची चाल वेगळी ठेव. मग रेझिस्टर बदलून एक अंडं हळू, एक भरभर, एक मध्यम, असं केलं. एका वेळी तीनच चालू. हळू वाजणाऱ्याचं नाव त्याने ठेवलं "बाबा", कारण ते सकाळी उठायला वेळ लावतात.

"चॉकलेट कुठे बसणार?" हा तिसरा प्रश्न. आत बॅटरीच एवढी मोठी की जागाच नव्हती. मग तडजोड अशी की बोलकं अंडं सापडलं की ते आजींकडे द्यायचं आणि त्याबदली खाऊचं साधं अंडं घ्यायचं.

पार्टी ३० मार्चला, शनिवारी. ईस्टर दुसऱ्या दिवशी, ३१ ला. ईस्टरची तारीख आपल्या सणांसारखीच चंद्रावर चालते. मार्चच्या एकविसाव्या तारखेला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही. २०२४ ला ती पौर्णिमा म्हणजे आपली होळीची पौर्णिमाच निघाली, आणि ३० मार्चला चक्क रंगपंचमी. हा योग आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. लक्षात आणून दिला सांगलीहून आलेल्या काकूंनी, म्हणजे दादाच्या आईने, कालनिर्णय बघून. त्या कालनिर्णय बॅगेत घालून आणतात.

काकू शाकाहारी. आदल्या संध्याकाळी अंडी रंगवायचा कार्यक्रम होता, त्या खुर्ची घेऊन लांब बसल्या. पण लांब बसून गप्प राहणं हे काकूंच्या स्वभावात नाही. आजींनी दुकानातल्या रंगाच्या वड्या काढल्या तशा काकू म्हणाल्या, "एवढ्याशा कामाला विकतचा रंग?" आणि पाचव्या मिनिटाला गॅसवर दोन पातेली. एकात हळद, एकात कांद्याची सालं. वहिनींनी तिसऱ्यात लाल कोबी उकळला. तिन्हींत चमचाभर व्हिनेगर, कारण अंड्याचं कवच म्हणजे खडूच, व्हिनेगर ते किंचित खातं आणि रंग धरतो. हळदीचं पिवळंधमक, कांद्याच्या सालांचं वीटकरी, आणि त्या जांभळ्या कोबीच्या पाण्यातून अंडं बाहेर येतं ते निळं! आजी बघतच राहिल्या. काकूंनी अंड्याला हात लावला नाही तो नाहीच, पळीने सूचना देत होत्या. त्यांच्यासाठी बटाटे ठेवले होते, तेही रंगले. (पुढच्याच वर्षी, २०२५ च्या मार्चमध्ये, इथे डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला तेव्हा बऱ्याच अमेरिकन घरांत अंड्यांऐवजी बटाटे रंगवले. काकू काळाच्या एक वर्ष पुढे होत्या.)

शनिवारी सकाळी आधी शर्यती झाल्या. चमच्याने अंडं ढकलायची शर्यत बघायला जितकी सोपी तितकी करायला भयानक आहे, कारण अंडं सरळ जातच नाही, स्वतःभोवती गोल फिरतं. निमुळत्या टोकाची कृपा. लिंबू-चमचा मात्र आमच्या मंडळींच्या रक्तात असल्याने तिथे मराठी पोरांनी मैदान मारलं. मग अंडी टकरवायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने टोकाने ठोकायचं, ज्याचं फुटलं तो बाद. इथे टीप देऊन ठेवतो, निमुळतं टोक पुढे करा, ते बसक्या बाजूपेक्षा दणकट असतं. बंड्या यात शेवटच्या दोघांत होता. त्याला अंडं बोटांनी चाचपून टोक बरोबर कळायचं, आणि फुटल्याचा आवाज सगळ्यांच्या आधी.

मग हंट. दोरी लागली. पालक खुर्च्यांवर. आजींनी शिट्टी मारली आणि तेरा पोरं सुटली. बंड्या जागेवरच उभा. मान थोडी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला. आमची तीन अंडी टिपटिपत होती, पण तेरा पोरांच्या किंकाळ्यांत ती ऐकू कशी येणार? आमचं सगळं टेस्टिंग शांततेत झालेलं. आजींच्या लक्षात आलं असावं. पण त्यांनी मुलांना गप्प केलं नाही, नुसत्या बघत राहिल्या.

बंड्याने चालायला सुरुवात केली. चुकीकडे. चांगला दहा-बारा पावलं चुकीकडे गेला, कुंपणाच्या झुडपाच्या दिशेने. वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. दादाने त्यांचं मनगट धरलं. तोही बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मला स्वतःला ओरडून सांगावंसं वाटत होतं, "बंड्या, मागे, मागे!" कसं गिळलं माझं मलाच माहीत. सहा अंडी बनवायला दोन आठवडे लागले, पण सगळ्यात अवघड होतं ते हे अर्धं मिनिट खुर्चीवर बसणं.

झुडपाला हात लागला तसा तो थांबला. परत मान तिरकी. आणि वळला. आता सरळ. मध्ये एक पोरगी धडकली, सॉरी म्हणून पळाली. तो पुढे. अंड्याच्या पलीकडे गेला, थांबला, दोन पावलं मागे आला, बुटाने चाचपलं आणि खाली बसला. अंडं वर धरून ओरडला, "बाबा सापडला!"

बऱ्याच लोकांना वाटलं पोरगं हरवलेल्या बापाबद्दल बोलतंय. वहिनी खुर्चीत नीट बसल्या. चष्मा पुसायचं कारण काढून दोन्ही हात कामाला लावले.

बाकीच्यांचा हंट सात मिनिटांत संपला. बंड्याचा वीस मिनिटं चालला. सहापैकी पाच त्याने शोधली. सहावं मजेशीर निघालं. एक साडेतीन-चार वर्षांची मुलगी त्याच्या शेजारी हात मागे बांधून पहारा देत उभी होती. अंड्यावर तिचं बदक नाही, म्हणून उचलायचं नाही, आणि ज्याचं आहे तो येईपर्यंत हलायचं नाही. बंड्या जवळ आला तशी ती म्हणाली, "इट्स बीपिंग." तो म्हणाला, "आय नो."

त्यानंतर काय व्हायचं तेच झालं. सगळ्यांना बोलकी अंडी हवी होती. डोळ्यांना रुमाल बांधून. मग रुमाल आले, ओढण्या आल्या, एकाने टाय आणला. एवढ्यात दादाचा एक मित्र उत्साहात ओरडला, "अरे ही तर आंधळी कोशिंबीर!" आणि ओरडल्या क्षणी त्याचा चेहरा पडला. एकदम सगळे गप्प. ज्याच्यासमोर बोललो तो शब्द, तो समोरच. बंड्यानेच शांतता मोडली. "काका, कोशिंबीर म्हणजे काकडीची ना? मग ती आंधळी कशी?" यावर तिथल्या एकाही मराठी माणसाला उत्तर देता आलं नाही. काकूंनाही नाही.

रुमालवाल्या पोरांचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. एक झाडावर, एक आजींच्या मांडीवर, दोघं एकमेकांवर. एकालाही अंडं मिळेना. बंड्या मध्ये उभा राहून कोचिंग करत होता, "डोकं फिरवा! पळू नका, आधी ऐका!" अगदी आमच्या आर्किटेक्टचा सूर.

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या मेक्सिकन काकू दोन ट्रे घेऊन आल्या. कास्कारोनेस! टेक्ससमध्ये ईस्टरला हे हवंच. महिनोन्महिने नाश्त्याची अंडी वरून छोटं भोक पाडून रिकामी करायची, कवच धुऊन वाळवायचं, रंगवायचं, आत रंगीत कागदाचे बारीक कपटे भरायचे आणि भोक पातळ कागदाने चिकटवायचं. मग लपूनछपून मागून जायचं आणि समोरच्याच्या डोक्यावर फटाक्! ज्याच्या डोक्यावर फुटतं त्याचं नशीब उघडतं म्हणतात. इथल्या एच-ई-बी दुकानांत तर तयार मिळतात. आमच्या लोकांना हा खेळ समजावून सांगावा लागला नाही. रंगपंचमी, रंग आणि दुसऱ्याचं डोकं, एवढं पुरेसं होतं. दोन मिनिटांत सगळा लॉन गुलाबी-हिरवा. काकू अंड्याला हात लावत नाहीत म्हणून कोणी त्यांच्या वाटेला गेलं नाही, तर थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "हे रिकामं आहे ना आतून? मग आण इकडे," आणि दादाच्या टकलावर एक नेमकं फोडलं. बंड्या मात्र कोणाच्याही मागे जात नव्हता. तो खुर्चीशी उभा राहून पावलं ऐकत होता आणि जवळ येईल त्याला देत होता. माझ्या केसांतून सोमवारपर्यंत कपटे निघत होते.

सगळं आवरायला घेतलं तेव्हा बंड्या म्हणाला, "आता मी लपवतो. तुम्ही शोधा." आम्ही म्हटलं ठीक. सगळे मोठे लोक भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शंभरपर्यंत मोजलं. वळलो. कुठूनच आवाज नाही. कार्ट्याने अंडं बंद करून लपवलं होतं! आणि स्वतः माझ्या खुर्चीवर पाय हलवत बसला होता. डोळे शाबूत असलेली अकरा माणसं, त्यातले सात इंजिनियर, वीस मिनिटं गवत उपसत होती. झुडपं झाली, ग्रिल झालं, काकूंची पिशवी झाली. "एक तरी क्लू दे रे," दादा म्हणाला. "डोकं फिरवा," बंड्या म्हणाला. अंधार पडायला लागला तशी आम्ही हार मानली, पण त्याने सांगितलं नाही ते नाहीच.

मंगळवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना चार्जर काढायला मी लॅपटॉपच्या बॅगेत हात घातला आणि हाताला काहीतरी गोल लागलं. टेबलावर ठेवलं. निळं अंडं, भोकातून बाहेर डोकावणारी तांबडी तार, आत नऊ व्होल्टची बॅटरी. समोरचे पाच अमेरिकन आधी अंड्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे.

"इट्स ओके," मी म्हटलं, आणि पुढे काय सांगावं याचा विचार करत असतानाच शेजारच्याने कुतूहलाने बटण दाबलं.